चोरीचा उजेड

छायालेखन शिकवताना मी मुलांना एक काम आवर्जून देतो. पीटर येट्सचा ‘रॉबरी’ हा १९६७ सालचा ब्रिटिश सिनेमा त्यांना दाखवायचा, मग दिवे लावायचे आणि प्रत्येकाच्या पुढ्यात कोरा कागद ठेवायचा. नकाशा काढा, म्हणायचं. सिग्नल कुठे होता, इंजिन कुठे थांबलं, पोती उतरवणारी माणसं रुळांच्या कोणत्या अंगाला उभी होती, गाड्या कुठे लावल्या होत्या. असं काही विचारलं जाणार आहे याची त्यांना आधी कल्पना नसते. तरी बहुतेकांचे नकाशे जमतात. प्रसंग रात्रीचा आहे, काळोखात माणसं सारखीच दिसतात, बोलणं अगदी कमी आहे, आणि तरीही कोण कुठे आहे हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. अलीकडच्या एखाद्या झगमगीत दरोडापटानंतर तेच काम दिलं, तर कागद कोरे परत येतात. मुलांना कथानक आठवतं, कपडे आठवतात, संगीत आठवतं. तिजोरी खोलीच्या कोणत्या भिंतीला होती, हे सांगता येत नाही.

दरोड्याच्या सिनेमाची ओढ कशात असते, याचं माझं उत्तर या नकाशात आहे. पडद्यावरच्या पैशाचं अप्रूप फार टिकत नाही. ‘पकडले जातील का’ ही धाकधूक दुसऱ्यांदा पाहताना उरत नाही, तरी माणसं हे सिनेमे पुन्हा पुन्हा पाहतात. मग उरतं काय? उरतं ते काम. चार-सहा माणसं एकमेकांशी हात जुळवून एक अवघड काम करताहेत आणि ते आपल्याला आतून पाहायला मिळतंय. टोळीला जागेची जेवढी माहिती, तेवढीच आपल्याला मिळाली की आपण टोळीतले होतो. संवादातून सांगितलेली माहिती कानाशी राहते, ती अंगात मुरत नाही. डोळ्यांनी मिळालेली मुरते. ती देणं हे कॅमेरामनचं काम.

ब्रिटिश सिनेमात हे काम ज्याने सर्वांत चोख केलं त्याचं नाव डग्लस स्लोकम. १९५१ चा ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’, १९६७ चा ‘रॉबरी’ आणि १९६९ चा ‘द इटालियन जॉब’ हे तिन्ही त्याने चित्रित केले. तिघांचे दिग्दर्शक वेगळे, लेखक वेगळे, बाजही वेगळा. पहिला कृष्णधवल विनोदी सिनेमा, दुसरा करडा आणि कठोर, तिसरा रंगांची उधळण करणारा. कॅमेऱ्यामागचा डोळा मात्र एकच. ब्रिटिश दरोडापटावर लिहिणारे लोक लेखकांबद्दल लिहितात, मायकेल केन आणि अ‍ॅलेक गिनेसबद्दल लिहितात, मिनी कूपर गाड्यांबद्दल तर पानंच्या पानं लिहितात. स्लोकमचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं. मला ते खटकतं, म्हणून हा लेख.

स्लोकमचा जन्म १९१३ चा, लंडनमधला, पण तो वाढला पॅरिसमध्ये. वडील जॉर्ज स्लोकम ‘डेली हेरल्ड’ या वृत्तपत्राचे बातमीदार होते. पुण्याच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावं. मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांची तिथे मुलाखत घेणारे पत्रकार ते हेच जॉर्ज स्लोकम. त्या मुलाखतीतूनच पुढे तेजबहादूर सप्रू आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समेटाच्या खटपटीला वाट मिळाली. अशा माणसाच्या घरात मुलगा वाढला. जिथे घटना घडते तिथे जायचं आणि दिसेल ते नीट नोंदवायचं, हा त्या घरचा धर्मच असणार.

मुलाने लेखणीऐवजी कॅमेरा घेतला. १९३९ मध्ये तो वृत्तछायाचित्रकार म्हणून डान्झिगला गेला. युरोपवर येऊ घातलेल्या युद्धाचं चित्रण करायचं म्हणून त्याच्या हातात चलच्चित्राचा कॅमेरा आला तो तिथे. जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या तेव्हा तो वॉर्सात होता. तो ज्या रेल्वेने निसटला तिच्यावर विमानांतून मारा झाला. सिनेमाची शाळा त्याने कधी पाहिली नव्हती. त्याची शाळा ही होती. अशा ठिकाणी कॅमेरामनला एकच गोष्ट साधायची असते. पुढच्या क्षणी काय होईल माहीत नसताना, पाहणाऱ्याला कळेल असं काहीतरी फिल्मवर आणायचं. धूर कुठून येतोय, माणसं कुठे पळताहेत, आपण कुठे उभे आहोत. पुढे त्याने केलेल्या प्रत्येक दरोड्यात मला ही सवय दिसते.

युद्धानंतर तो लंडनच्या ईलिंग स्टुडिओत रुजला. १९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये अ‍ॅलेक गिनेसने एकाच घराण्यातली आठ माणसं रंगवली आहेत आणि त्यांतली सहा एका चौकटीत एकत्र दिसतात. हे संगणकाच्या कितीतरी आधीचं काम. कॅमेरा जागचा तसूभरही हलू द्यायचा नाही, चौकटीचा एकेक भाग उघडायचा, बाकीचे झाकायचे, गिनेसने वेश बदलून यायचं, फिल्म मागे गुंडाळून पुन्हा तीच फिल्म चालवायची. मध्ये रात्र आली तर कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून आपण त्याच्याशेजारीच झोपलो, असं स्लोकम सांगत असे. मला या गोष्टीतली चलाखी फारशी मोठी वाटत नाही. मोठी वाटते ती शिस्त. पुढच्या दरोडापटांना हीच शिस्त लागणार होती.

‘लॅव्हेंडर हिल मॉब’ची गोष्ट साधी आहे. हॉलंड नावाचा एक बँक कर्मचारी वीस वर्षं इमानेइतबारे सोन्याच्या विटा कारखान्यातून बँकेत पोचवण्याच्या कामावर देखरेख करतो. बॅटरसी भागात लॅव्हेंडर हिलवरच्या एका खाणावळवजा निवासात त्याची एक खोली आहे. शेजारी राहायला पेंडलबरी येतो. त्याचा धंदा पर्यटकांसाठी शिशाचे शोभेचे पेपरवेट ओतायचा. त्यात आयफेल टॉवरही आहेत. सोनं चोरणं हॉलंडला अवघड नाही. देशाबाहेर नेणं अवघड आहे. सोन्याचे आयफेल टॉवर ओतले तर? पेंडलबरीच्या कारखान्यात ही कल्पना एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जाते. दोघंही ती तोंडाने उच्चारत नाहीत. गिनेसच्या चेहऱ्यावर एक लकाकी येते, डोळे चमकतात, आणि वीस वर्षं फायलींत दबलेला माणूस आपल्यासमोर जागा होतो. डोळ्यांतली ती चमक नटाची जेवढी, तेवढीच दिव्याची. एक बारीक दिवा कॅमेऱ्याजवळ नेमक्या उंचीवर ठेवल्याशिवाय ती येत नाही. माझ्या व्यवसायातल्या कुणालाही विचारा.

पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क युद्धकाळात राखीव पोलीस शिपाई होता. सोन्याची गाडी लुटायची तर कशी, हे विचारायला तो थेट बँक ऑफ इंग्लंडमध्ये गेला आणि बँकेनेही अधिकाऱ्यांना बसवून त्याला योजना आखून दिली, अशी कथा सांगितली जाते. या पटकथेला ऑस्कर मिळालं. सिनेमातलं लंडन खरंखुरं आहे. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या इमारतींच्या रिकाम्या जागा चौकटीच्या कडेला तशाच दिसतात. ब्रिटनमध्ये शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होतं. युद्ध जिंकलेला देश आणि रांगेत उभी असलेली माणसं. अशा शहरात एक निरुपद्रवी कारकून सोनं पळवतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूला जातो. त्याला महाल हवा असं कुठेच वाटत नाही. त्याला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचंय. अमेरिकन दरोडापटांतली माणसं मला बहुधा काहीतरी मिळवायला निघालेली दिसतात. ब्रिटिश दरोडापटांतली माणसं कशातून तरी सुटायला निघालेली असतात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आणि आता नकाशाची गोष्ट. गाडी लुटण्याचा प्रसंग स्वच्छ उजेडात, रस्त्याच्या वळणांसकट, पायरीपायरीने दिसतो. सोन्याचे काही टॉवर चुकून इंग्लंडहून आलेल्या शाळकरी मुलींना विकले जातात आणि ते परत मिळवायला दोघं आयफेल टॉवरच्या गोल जिन्याने धावत सुटतात, तिथे मात्र सगळं फिरू लागतं. जिना फिरतो, जाळी फिरते, खालचं पॅरिस फिरतं. दोघांनाही गरगरतं आणि हसू आवरत नाही. खाली पोचेपर्यंत आपल्यालाही दिशा कळेनाशी होते. योजना हातात होती तोवर प्रेक्षकाला दिशा होती. योजना निसटली त्या क्षणी स्लोकमने दिशाही काढून घेतली. हे जाणूनबुजून केलेलं आहे असं मी मानतो, कारण संपूर्ण सिनेमात असं गरगरणं दुसरीकडे कुठेही नाही. दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन मूळचा संकलक होता, तेव्हा कुठे स्पष्ट ठेवायचं आणि कुठे सोडायचं याचा हिशेब दोघांचा मिळून असणार.

या सिनेमाने कुणालाही इजा केली नाही. खऱ्या आयुष्यात गोष्टी अशा नसतात. ८ ऑगस्ट १९६३ ला पहाटे तीनच्या सुमारास ग्लासगोहून लंडनकडे येणारी टपालगाडी बकिंगहॅमशरमध्ये अडवली गेली. टोळीने हिरव्या सिग्नलवर हातमोजा चढवला आणि बॅटऱ्यांवर लाल दिवा पेटवला. एवढ्या मोठ्या गुन्ह्याची सुरुवात इतक्या साध्या सामानाने झाली. इंजिन आणि पुढचे दोन डबे सोडवून अर्ध्याएक मैलावरच्या ब्रिडेगो पुलापाशी न्यायचे होते. त्यासाठी आणलेल्या निवृत्त चालकाला ते नव्या पद्धतीचं इंजिन चालवता येईना. मग गाडीचे मूळ चालक जॅक मिल्स यांनाच पुढे बसवलं गेलं. त्यांच्या डोक्यावर आधीच घाव घातला होता. पुलापाशी माणसांनी साखळी करून सुमारे १२० पोती हातोहात खाली उतरवली. त्यांत २६ लाख पौंडांहून अधिक रक्कम होती. नुकतीच बँकांची सुटी होऊन गेली होती, म्हणून गाडीत एरवीपेक्षा बरीच जास्त रोकड होती.

निघताना टोळीने टपाल कर्मचाऱ्यांना बजावलं की अर्धा तास हलायचं नाही. त्यावरून पोलिसांनी ताडलं की लपण्याची जागा जवळपासच आहे. लेदरस्लेड फार्म नावाच्या शेतघरात त्यांना मोनोपॉलीच्या पटावर आणि केचपच्या बाटलीवर बोटांचे ठसे सापडले. १९६४ मध्ये सात जणांना प्रत्येकी ३० वर्षांची शिक्षा झाली. बरीचशी रक्कम मात्र कधीच सापडली नाही. वृत्तपत्रांनी या टोळीला जवळजवळ नायक बनवलं, आणि जॅक मिल्स यांची दुखापत त्या कौतुकाखाली झाकली गेली. मला हे अजूनही बोचतं. मी या प्रकारच्या सिनेमावर प्रेम करतो ते या बोचणीसकट करतो.

‘रॉबरी’ या घटनेवर बेतलेला आहे, पण नावं बदलून. स्टॅन्ली बेकरने त्यात म्होरक्याची, क्लिफ्टनची भूमिका केली आणि मायकेल डीलीबरोबर निर्मितीही केली. सिनेमा रेल्वेपासून सुरूच होत नाही. आधी लंडनमध्ये हिऱ्यांची एक चोरी होते. त्यातून मोठ्या कामासाठी भांडवल उभं राहणार आहे. त्यानंतर चंदेरी जॅग्वार आणि पोलिसांची गाडी यांचा जो पाठलाग आहे, तो मी इतक्यांदा पाहिलाय की त्यातली वळणं मला पाठ आहेत. हा पाठलाग पाहूनच स्टीव्ह मॅक्वीनने येट्सला अमेरिकेत बोलावलं आणि १९६८ चा ‘बुलिट’ झाला. जगभरात पाठलागाचा बाप म्हणून ‘बुलिट’चं नाव घेतात. त्याची मुळं लंडनच्या या रस्त्यांत आहेत. त्याहून मागे जायचं तर शेफील्डच्या फ्रँक मॉटरशॉने १९०३ मध्ये केलेल्या ‘अ डेअरिंग डेलाइट बर्गलरी’पर्यंत जावं लागेल. चोर पुढे, पोलीस मागे, हा खेळ ब्रिटिश सिनेमाने फार लवकर ओळखला होता.

‘रॉबरी’तल्या पाठलागाची खुबी अशी की रस्ते रोजचे आहेत. दुकानं, घरांच्या रांगा, रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलं. आकाश ढगाळलेलं, उजेड सपाट. पुष्कळसे छायालेखक असा उजेड पाहून हिरमुसतात, कारण त्यात सावल्या नसतात आणि चित्राला खोली येत नाही. स्लोकमने तोच उजेड बातमीदाराच्या डोळ्याने वापरला. गाडीच्या आत बसलेल्या कॅमेऱ्याला पुढची काच आणि रस्ता एकाच वेळी दिसतो, तेव्हा चालकाला जे दिसतंय तेवढंच आपल्याला दिसतं. बाहेरून पाहताना दोन गाड्यांमधलं अंतर एकाच चौकटीत राहतं. हे अंतर वाढतंय की कमी होतंय, यातच सगळा थरार आहे. एका चौकटीत पुढची गाडी आणि दुसऱ्या चौकटीत मागची गाडी असं तोडून दाखवलं की अंतर नाहीसं होतं. मग वेग भासवायला संगीत लागतं, कॅमेरा हलवावा लागतो, तुकडे आणखी लहान करावे लागतात. आज बहुतेक पाठलाग असेच होतात. चित्रीकरणाचा एक दिवस वाचतो खरा, पण प्रेक्षक टोळीतून बाहेर फेकला जातो.

रात्रीच्या दरोड्याबद्दल मात्र मला थोडं तांत्रिक बोलायला हवं. १९६७ मध्ये उपलब्ध असलेल्या रंगीत इस्टमन फिल्मची संवेदनशीलता ५० एएसए होती. आज आम्ही वापरतो ते डिजिटल कॅमेरे सहज ८०० वर चालतात, म्हणजे तेवढ्याच चित्रासाठी त्या काळी सोळापट उजेड लागायचा. उघड्या माळावर, रुळांच्या काठाने, रात्री. प्रचंड आर्क दिवे, जनरेटर, केबलांचे ढीग, आणि हे सगळं चौकटीबाहेर लपवायचं. त्यातून दोन मोह होतात. एक म्हणजे सगळीकडे निळसर चांदणं पसरून टाकायचं. दुसरा म्हणजे सगळं काळं ठेवून चेहरेच तेवढे उजळायचे. दोन्हींत जागा मरते. स्लोकमने त्या प्रसंगातल्या खऱ्या दिव्यांना धरलं. सिग्नल, डब्यांच्या खिडक्या, हातातले टॉर्च. असे दिवे स्वतः फार उजेड देत नाहीत. पण उजेड कुठून येतोय हे प्रेक्षकाला पटवून देतात. मग लपवलेला मोठा दिवा त्याच दिशेने आला तर कुणालाही संशय येत नाही. काळोखात उजेडाची अशी चार-पाच ठिकाणं पक्की झाली की त्यांच्यामधलं अंतर डोळा आपोआप मोजतो. मुलांचे नकाशे जमतात ते त्यामुळे. मी स्वतः रात्रीच्या बाह्यचित्रीकरणाला उभा राहतो तेव्हा दिग्दर्शकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, की इथे खरा दिवा कोणता?

एवढं सगळं बिनचूक झाल्यावर टोळी फसते ती घरी केलेल्या एका फोनमुळे. नोटांची पारख करायला तुरुंगातून पळवून आणलेला रॉबिन्सन हा सिनेमातला सगळ्यांत साधा माणूस आहे. फ्रँक फिनलेने तो फार हळुवारपणे केला आहे. बाकीचे पोती मोजत असतात आणि याला बायकोचा आवाज ऐकायचा असतो. तो फोन करतो. जगातली कोणतीही योजना या ओढीचा हिशेब करू शकत नाही. खऱ्या टोळीला मोनोपॉलीचा पट नडला आणि सिनेमातल्या टोळीला आठवण. सिनेमाची निवड मला जास्त खरी वाटते.

‘द इटालियन जॉब’ला आलो की माझा नकाशाचा सिद्धांत अडचणीत येतो, आणि म्हणून तो सिनेमा मला अधिक शिकवतो. ट्यूरिन शहरातलं सोनं लुटायचं आणि वाहतुकीचा चक्का जाम करून तीन मिनी कूपर गाड्यांतून निसटायचं, अशी योजना. एक लाल, एक पांढरी, एक निळी, म्हणजे ब्रिटिश झेंड्याचेच रंग. त्या जिथून धावतात ती ठिकाणं खऱ्या नकाशावर जोडू गेलं तर जुळत नाहीत. ग्रान माद्रे चर्चच्या पायऱ्या, फियाटच्या लिंगोत्तो कारखान्याच्या छतावरची चाचणीची धावपट्टी, पलावेला सभागृहाचं वक्र छत, पो नदीवरचा बंधारा, आणि मग भुयारी गटार, जे चित्रित झालं थेट इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत. ट्यूरिनचा माणूस हे पाहून गोंधळणार. तरीही आपण गोंधळत नाही. कारण चौकटीच्या आत काहीही मोडत नाही. गाड्यांचा क्रम, रंग, डावीकडून उजवीकडे जाण्याची दिशा, मागून येणाऱ्या पोलिसांचं अंतर, सगळं सांभाळलेलं आहे. प्रेक्षकाला खरं शहर लागत नाही. त्याच्या मनात उभं राहिलेलं शहर प्रामाणिक राहिलं की पुरतं.

याच सिनेमासाठी आणखी एक प्रसंग चित्रित झाला होता. एका भव्य प्रदर्शनगृहात मिनी गाड्या आणि पोलिसांच्या गाड्या वॉल्ट्झच्या तालावर नाचतात. पुढे तो काढून टाकला. आता तो वेगळा पाहायला मिळतो, देखणाही आहे. तरी काढला ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. त्यात कुणी कुठे पोचत नाही.

सुरुवात मात्र संपूर्ण ब्रिटिश सिनेमातली एक सर्वोत्तम सुरुवात आहे. आल्प्सचा घाट, सकाळचं स्वच्छ ऊन, नारिंगी लॅम्बोर्गिनी म्युरा, काळा चष्मा लावलेला निवांत माणूस, मॅट मन्रोचं गाणं. स्लोकम आपल्याला त्या उन्हात इतका वेळ ठेवतो की आपण सैलावतो. मग गाडी बोगद्यात शिरते, पडदा काळा होतो, धडक होते. योजना आखणारा माणूसच पहिल्या काही मिनिटांत संपतो. उन्हातून अंधारात, मध्ये काही नाही. फक्त उजेडाच्या बळावर इतका मोठा धक्का दिलेली सुरुवात मला दुसरी आठवत नाही. शेवटी सोन्याने भरलेली बस कड्यावर तोल सांभाळत अडकते आणि सिनेमा तिथेच थांबतो. तोवर ब्रिटिश दरोडापटात चोराच्या हाताला शेवटी काही लागू द्यायचं नाही असा संकेत चालत आला होता. हॉलंडच्या मनगटात बेडी दिसते ती त्या संकेतामुळेच. इथे सोनंही समोर आहे, माणसंही जिवंत आहेत आणि दोघांच्या मध्ये फक्त बसची लांबी आहे. पुन्हा अंतरच. या बसचं पुढे काय करता येईल यावर २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने लोकांकडून शास्त्रीय उत्तरं मागवली होती. चाळीस वर्षांनीही माणसं त्या बसमध्ये बसलेली होती.

आपल्याकडे हा सिनेमा वळसा घेऊन आला. हॉलीवूडने २००३ मध्ये त्याच नावाने नवा सिनेमा केला आणि त्यावरून अब्बास-मस्तान यांनी २०१२ मध्ये ‘प्लेयर्स’ काढला. ‘प्लेयर्स’मध्ये बर्फ आहे, रशिया आहे, गाड्याही आहेत. पण कोण कुठे आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. स्लोकमचं स्वतःचं काम मात्र भारतीय प्रेक्षकांनी त्याचं नाव न कळता पुष्कळ पाहिलंय. इंडियाना जोन्सचे पहिले तिन्ही सिनेमे त्याचे. ‘टेम्पल ऑफ डूम’मध्ये अमरीश पुरींच्या चेहऱ्यावरचा तो भट्टीसारखा लाल उजेड त्याचाच. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. याच मालिकेतल्या पहिल्या सिनेमाच्या वेळी त्याला कुणी लाइट मीटर वापरताना पाहिलं नाही असं सहकारी सांगत. तो हात पुढे धरायचा, तळव्यावर पडलेली अंगठ्याची सावली पाहायचा आणि भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते सांगायचा. १०३ वर्षांचा होऊन २०१६ मध्ये तो गेला. अखेरच्या वर्षांत त्याची दृष्टी गेली होती.

नंतरचे ब्रिटिश दरोडापट मी निष्ठेने पाहिले. २००८ चा ‘द बँक जॉब’ मला आवडतो, कारण त्यात १९७१ च्या बेकर स्ट्रीटवरच्या बँकफोडीतलं भुयार आहे आणि भुयारात खोटं बोलता येत नाही. चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातून शेजारच्या उपाहारगृहाखालून जमीन पोखरत बँकेच्या लॉकरखोलीत जायचं. एवढी साधी भूमिती कोणत्याही प्रेक्षकाला कळते. खऱ्या प्रकरणात तर चोरांचं वॉकीटॉकीवरचं बोलणं एका हौशी रेडिओवाल्याने ऐकलं, पोलीस बँकेत आलेही, पण तिजोरीचं दार शाबूत पाहून परत गेले. २०१८ चा ‘किंग ऑफ थीव्ह्ज’ २०१५ मधल्या हॅटन गार्डनच्या चोरीवर आहे आणि त्यात मायकेल केन पुन्हा टोळीचा म्होरक्या आहे. ‘इटालियन जॉब’नंतर जवळपास पन्नास वर्षांनी. अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडून आत शिरलेली ती वयस्कर माणसं. विषय सोन्यासारखा. पण सिनेमाला त्या भिंतीपेक्षा म्हाताऱ्यांच्या भांडणात जास्त रस आहे. भिंत फोडायला किती त्रास पडला हे आपल्या मनगटांना कळतच नाही. केनसारखा नट हाताशी असताना मला ते फार वाया गेल्यासारखं वाटलं.

ज्यांनी यांतलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांनी या दिवाळीच्या सुटीत ‘लॅव्हेंडर हिल मॉब’पासून सुरुवात करावी. तो घरातल्या सगळ्यांना बरोबर घेऊन पाहता येतो. सुरुवातीच्या एका प्रसंगात क्षणभर येऊन जाणारी मुलगी म्हणजे ऑड्री हेपबर्न, तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. ‘इटालियन जॉब’ मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तम, कारण त्याची चौकट रुंद आहे आणि मोबाइलवर तिन्ही मिनी एकत्र नीट दिसत नाहीत. ‘रॉबरी’ मात्र रात्री पाहावा, खोलीतले दिवे घालवून आणि पडद्याचा उजेड कमी करून. आजकालचे टीव्ही काळा रंग आपण होऊन उजळवतात. ती सोय आधी बंद करावी. नाहीतर रुळांकाठी स्लोकमने मुद्दाम काळ्या ठेवलेल्या जागांत झुडपं दिसू लागतात आणि त्याने इतक्या कष्टाने वेगळे केलेले चार-पाच दिवे एकमेकांत मिसळून जातात.